नवरंगाचा साक्षीदार

आमच्या साडूंइतका सरळ माणूस अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत दुसरा नाही, आणि त्यांच्या पक्ष्यांच्या वहीत जी एकमेव खाडाखोड आहे ती माझ्यामुळे आहे. हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या गॅलरीत चहा पिताना समोरच्या झाडावर मला लांब पांढरी शेपटी हलताना दिसली. स्वर्गीय नर्तक आला, असं मी जाहीर केलं आणि वही ओढून साक्षीदार म्हणून सहीही ठोकली. साडूंनी दुर्बीण लावली, माझी नोंद लाल शाईनं खोडली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पतंग. कागदी. संक्रांतीचा.'

साक्षीदार हा त्यांचा जुना आजार. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची हयात गेली. तिथं दोन सह्यांशिवाय पिंप हलत नसे. निवृत्त झाल्यावर घरातही काही हलेना. दूध उतू गेलं तरी गॅस बंद करायच्या आधी विचारणार, उतू जाताना पाहिलं कोणी? उन्हाळ्यातल्या पक्ष्यांचं तर बघायलाच नको. बारवीच्या रस्त्यावर करवंदं विकणाऱ्या म्हातारीचा अंगठा वहीत पावशाच्या नावापुढे आहे. उल्हासनगरला पडद्याचं कापड घ्यायला गेले, तर दुकानासमोरच्या गुलमोहरात तांबट घरटं कोरताना दिसला. कापड राहिलं बाजूला, गल्ल्यावरच्या शेठला हाताला धरून यांनी फुटपाथवर आणलं. तो बिचारा म्हणाला, "सही कर देता हूँ साईं, पर माल कौनसा है, वो तो बताओ."

पण वहीतला खरा मान नवरंगाचा. मे महिन्यात हा पाहुणा बारवीच्या जंगलात उतरतो, आणि लग्न झाल्यापासून साडूंनी एकही उन्हाळा त्याला पाहिल्याशिवाय जाऊ दिलेला नाही. साक्षीदार कायम ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण. यंदा ताईंचे गुडघे गेले आणि साडूंचे डोळे. मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की "अजून पिकला नाही" म्हणून उठून जातात, जणू डोळ्यांत हापूसची अढी लावलीय. ताई वर्षभर विनवून थकल्या. तेव्हा नाइलाजानं साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली.

पहाटे बारवी धरणामागच्या रानात शिरलो. वाटेत साडूंनी पळसाच्या एका खोडाला "जरा बाजूला होता का" म्हटलं. मी बुटाची नाडी बांधत बसलो. तासाभरानं करवंदीच्या जाळीमागून दोन सुरांची शीळ आली, पुन्हा आली. साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"साडूबुवा, दिसला?"

मला पाचोळा दिसत होता आणि गुटख्याची एक पुडी. शेजारी साडू मान पुढे काढून, डोळे बारीक करून उभे, आणि इतक्या वर्षांची ती वही त्यांच्या काखेत.

"दिसला," मी म्हटलं.

"शेपटीखाली?"

"लाल." एवढं मी घरून पाठ करून आलो होतो.

"हं," म्हणाले, आणि काढलेलं पेन परत खिशात ठेवलं. सह्या घरी करू.

त्यांची वही मी कशी वाचवली, ते बायकोला फुशारकीनं सांगून झालं. दुसऱ्या दिवशी ती ताईंकडे जाऊन आली, ती हसतच.

"भाऊजींनी लिहिलंय, नवरंग, ऐकला, दिसला नाही," ती म्हणाली. "शेऱ्यात तुम्ही आहात. 'साक्षीदार जाळीकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.'"

मी पेपरात तोंड घातलं. तिनं पिशवीतली करवंदं ताटात ओतली, पानं वेचायला बसली, आणि म्हणाली, "आणि ताईला म्हणाले, डॉक्टरांकडून तारीख घेऊन टाक. माझ्यापायी तो खोटं बोलायला लागलाय."