डब्यात काय, ओळखा!

आमच्या शिलाईच्या खोलीत कापडाच्या कतरणी आणि किस्से सारख्याच वेगानं साचतात. कतरणी निदान महिन्या-दोन महिन्यांनी पोत्यात भरून बाहेर जातात. किस्से मात्र तिथंच राहतात, आणि नवीन बाई कामावर आली की पहिल्याच दिवशी चहासोबत तिला वाढले जातात. अलीकडचे बहुतेक किस्से मोबाईलचे आहेत. त्यातलेच थोडे सांगते.

खोली सौंसर गावातली, शोभाच्या घरामागची. तिथं आम्ही बायका शाळेचे गणवेश शिवतो. शोभाची सून प्राची घरूनच कॉम्प्युटरचं काम करते. तिनं एक दिवस आम्हाला सांगितलं, "काकू, ते मोठं अ‍ॅप म्हणजे परक्याची इमारत. काय दाखवायचं, काय लपवायचं, सगळं मालक ठरवतो. मी आपल्यापुरतं छोटं अ‍ॅप बसवून देते. सर्व्हर आपल्याच घरात. अशी घरं जागोजागी आहेत. नियम ज्याचे त्याचे, पण एका घरातली हाक दुसऱ्या घरात ऐकू जाते."

आम्ही त्याचं नाव 'अंगण' ठेवलं.

सगळ्यात आधी 'अंगणा'त आली विमलताई. ती लोधीखेड्याहून बसनं येते. तिच्या सारिकानं मागच्या उन्हाळ्यात स्वतःच्या मनानं लग्न केलं. घरात शब्द चालतो विमलताईच्या भासऱ्यांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा. त्यांनी मोठ्या अ‍ॅपवरच्या परिवाराच्या ग्रुपमधून पोरीला काढलं. पोरीनंही रागानं नंबर बदलला. ती कुठं आहे, नक्की कोणाला माहीत नाही. कोणी नागपूर म्हणे, कोणी पांढुर्णा.

"पोरीले एवढंच कळवाचं आहे का माय वाट पाहून राहिली," विमलताई म्हणायची. "पन त्या मोठ्या अ‍ॅपवर मी नुसतं 'आज वांगे केले' टाकलं तरी भासरे विचारतात, कोणासाठी केले?"

*

सर्व्हर म्हणजे डब्याएवढी एक पेटी. प्राचीनं ती देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. दोन दिवस 'अंगण' छान चाललं. तिसऱ्या दिवसापासून दुपार झाली की बंद!

प्राचीनं वायर तपासली, इंटरनेट तपासलं, काही सापडेना. शेवटी फळीकडं नीट पाहिलं तर काय, शोभानं त्या पेटीला झालर लावलेलं मखमली कव्हर शिवून घातलेलं! तिच्या घरात मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, गॅसच्या सिलिंडरलाही कव्हर. ही एकटी उघडी कशी ठेवायची?

"आई, त्याला श्वास घेऊ द्या! तापून बंद पडतंय ते!"

शोभानं ते काढलं. दुसऱ्या दिवशी पेटीवर नवं कव्हर. यावेळी मच्छरदानीच्या कापडाचं!

*

प्राची म्हणाली, नियम तुम्हीच ठरवा. झालं, मशिनी बंद आणि बैठक सुरू. सकाळचे फुलांचे फोटो नकोत, हे सगळ्यांना पटलं. मग आमची कांताबाई, जिची जीभ कात्रीपेक्षा धारदार, ती म्हणाली, "सासूबद्दल लिहाचं असंन तर नाव टाकाचं नाही."

शोभा म्हणाली, "काऊन? सर्व्हर माझ्या सुनेचा, खोली माझी. नाव नाही टाकलं तरी कोणाची सासू ते गावाले समजतेच न!"

तो नियम तिथंच बारगळला.

*

कांताबाई मात्र पंधरा दिवसांत मोठ्या अ‍ॅपवर परत गेली. मी विचारलं, "का गं, काय झालं?"

"सुमन, मी ब्लाऊजचे फोटो 'अंगणा'त टाकले. तुम्ही सगळ्यांनी काय केलं? कोणी म्हणे बाही ओढली आहे, कोणी म्हणे अस्तर कोणतं लावलं. अवं, टेलरांच्या गल्लीत टेलरचं दुकान कोण टाकते? मले गिऱ्हाईक पाहिजे. अंगणात गप्पा होतात बाप्पा, दुकान गुजरीतच, भरल्या बाजारातच मांडा लागते!"

यात खोटं काही नाही. तिच्या दिवाळीच्या ऑर्डरी त्या मोठ्या गुजरीतूनच आल्या. गप्पांना मात्र ती रोज 'अंगणा'त येते.

*

आमची प्रमिला तर मोठं अ‍ॅप सोडायलाच तयार नव्हती. प्राचीनं तिला समजावलं, "काकू, ते तुमच्यावर नजर ठेवतं. तुम्ही गुडघ्याचा इलाज शोधला ना? आता बघा, रोज गुडघ्याच्या तेलाची जाहिरात येईल."

प्रमिला म्हणाली, "मंग काय वाईट आहे? आमच्या घरच्यानं लग्न झाल्यापासून माझा गुडघा विचारला नाही. हा बिचारा रोज विचारते!"

 

*

माझं स्वतःचं सांगायचं तर, आमच्या संत्र्याच्या बगिच्यात आंबिया बहार फुलला तेव्हा मी एकच फोटो दोन्हीकडं टाकला. मोठ्या अ‍ॅपवर भराभर अंगठे आणि लाल बदाम आले. ज्यांनी दिले त्यातल्या अर्ध्यांना ते झाड लिंबाचं आहे की संत्र्याचं, हेही कळलं नसेल. 'अंगणा'त मोजून तीन जणी बोलल्या. एकीनं विचारलं पाणी कधी सोडलं, दुसरीनं विचारलं त्याआधी झाडं किती दिवस कोरडी ठेवून ताण दिला, आणि तिसरी म्हणाली, "फोटोत मागं तुमची म्हैस सुटली आहे."

धावत गेले. खरंच सुटली होती!

*

विमलताई 'अंगणा'त रमली, पण तिचा जीव अर्धाच तिथं होता. "इथं भासरे नाहीत, म्हणून मोकळं वाटते," ती एकदा म्हणाली. "पन ज्या घरात भासरे नाहीत, तिथं सारिका तरी कुठं आहे?"

त्या दिवशी मी तिला बसस्टँडवर सोडायला गेले. बस यायची होती. बोलता बोलता भुलाबाईचा, गाणी झाली की डब्याच्या आवाजावरून खिरापत ओळखायच्या खेळाचा, विषय निघाला. ती एकदम हसायला लागली.

"आमची सारिका लहानपणी भलती चोट्टी! भुलाबाईची खिरापत मी डब्यात भरून ठेवू, आन पोरी जमाच्या आधीच ही फस्त करे. एक वर्षी मी सगळ्यांसमोर डबा हलवला, तर आवाजच नाही! पोरी म्हणतात शिरा, पोरी म्हणतात खवा. आन ही कोपऱ्यात तोंड पुसत उभी! मीही काही बोलली नाही. म्हटलं, जाऊ दे. तेव्हापासून ते आमचं दोघींचंच गुपित."

मग बस आली. ती खिडकीत बसून पदरानं डोळे पुसत होती, पण हसतही होती.

*

भासऱ्यांचाही किस्सा आहेच. भावजय कुठल्याशा नव्या अ‍ॅपवर असते, ही खबर त्यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी 'अंगणा'त येण्यासाठी अर्ज केला! विमलताईनं फोन कतरणींच्या पोत्यात लपवला.

पण प्राचीनं दारावर एक प्रश्न ठेवला होता. नवीन माणसानं त्याचं उत्तर दिल्याशिवाय आत घ्यायचं नाही, असं आमच्या बैठकीतच ठरलेलं. शिवणाऱ्या बाईला प्रश्न सोपा होता: मशीनची बॉबीन कशात बसते?

भासऱ्यांनी उत्तर लिहिलं, "मी माजी उपसरपंच आहे."

प्रवेश नाकारण्यात आला!

*

मग भुलाबाईचे दिवस आले. प्राचीला कल्पना सुचली की रोज एकीनं घरी खिरापतीचा डबा हलवायचा, त्याचा आवाज 'अंगणा'त टाकायचा, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. नागपूर, छिंदवाड्याच्या तिच्या ओळखीच्या बायकांच्या सर्व्हरवरही ते जाई. तिथून कोण कुठं पुढं पाठवी, देव जाणे. फुटाणे, साखरेची चिरंजी, मुरमुऱ्याचे लाडू, सगळं ओळखलं गेलं. शोभाच्या बोरकुटानं, वाळल्या बोरांच्या भुकटीनं, तर परगावच्या बायकाही हरल्या!

कोजागिरीला पाळी विमलताईची होती. तिनं घरून आवाज टाकला आणि खाली लिहिलं, 'विमल, लोधीखेडा. ओळखा.'

सकाळी खोलीत आम्ही सगळ्यांनी फोन कानाला लावले. बांगड्या वाजल्या. डबा हलल्याचं कळत होतं. आत मात्र काहीच वाजेना.

"शिरा!" शोभा म्हणाली.

"साखरभात," प्रमिला म्हणाली.

"बासुंदी असंन, झाकण घट्ट लावून," कांताबाई म्हणाली.

मला बसस्टँडवरचं बोलणं आठवलं; मी बटणं लावत राहिले. विमलताई खाली मान घालून कॉलर शिवत होती. चुकलं, चुकलं, एवढंच म्हणत होती. दुपारपर्यंत सगळ्या जणी हरल्या. परगावच्याही हरल्या.

चहाच्या वेळी कांताबाई फोन पाहून ओरडली, "अवं, हे कोण वं? ना फोटो, ना नाव. दुसऱ्याच सर्व्हरवरची कोणी बाई दिसते. काय लिहिलं पाहा: 'डबा रिकामा आहे. खिरापत मी खाल्ली.' आहे का नाही चोट्टी!"

विमलताईची मशीन थांबली. तिनं चष्मा पुसला, फोन जवळ घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, जवाब लिहिला:

"पुन्हा करतो. किती जणांसाठी करू?"