स्लॅबखालच्या बल्ल्या

ते प्रकरण आठवलं की आजही मला एकट्यालाच हसू येतं, आणि घरचे विचारतात, आता काय झालं?

मी शिकलो सातवीपर्यंत. पुढं शाळेला मी नको होतो आणि मला शाळा. शिपाई म्हणून भरती झालो, सहाय्यक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आणि मधल्या सगळ्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढलो. कुणाची चिठ्ठी नेली नाही. ही गोष्ट मी जमादार असतानाची. धुळे-जळगाव रस्त्यावर, पारोळ्याच्या अलीकडं-पलीकडं म्हणा, एका तालुक्याच्या गावी माझी नेमणूक होती. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही.

लातूरकडे भूकंप झाला, त्यानंतरचा उन्हाळा. आमच्या नगरपालिकेनं घरबांधणीला नवे नियम लावायचं ठरवलं. खांबातल्या सळ्यांना रिंगा जवळजवळ घाला, खिडक्या-दारांच्या वरून घरभर सिमेंटचा पट्टा फिरवा, नकाशावर इंजिनिअरची सही आणा. ज्याचा स्लॅब त्याआधी टाकून होईल त्याला जुना नकाशा चालेल, अशी गावात बोलवा उठली. मग काय, जो तो स्लॅब टाकायला धावला. मिस्तरी मिळेना, वाळू मिळेना.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी ठाण्यात दोन माणसं भांडतच आली. एक नाना, कापसाचे व्यापारी, नवीन घराचे मालक. दुसरा त्यांचा ठेकेदार, सफारीतला. नानांच्या स्लॅबला जेमतेम आठवडा झाला होता. त्याला खालून टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्या आणि लोखंडी प्लेटा, सगळ्याच्या सगळ्या आदल्या दुपारी गायब झाल्या होत्या. ठेकेदार म्हणाला, "चोरी झाली. रखवालदारानंच विकल्या असतील."

"आणि स्लॅब?" मी विचारलं.

"स्लॅबला काय होतंय? नवीन सिमेंट आहे जमादार. आठ दिवसांत दगड. हत्ती नाचवा वर. तुम्ही फक्त माझा माल शोधून द्या."

नाना म्हणाले, "मी सांगतच होतो, हे रिंगा आणि पट्टे म्हणजे खर्च वाढवायचं खूळ आहे. माझं घर बघा, बिनटेकूचं उभं आहे!"

फिर्याद लिहून घेतली. रखवालदाराला बोलावलं. त्याला सगळे आबा म्हणत. बांधकामावरच पत्र्याच्या आडोशाला राहायचा, बायको कधीच वारलेली. आला तेव्हा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेल्या बांगड्या होत्या.

"जमादार, काल दुपारले मी बांगड्या लेवाले बजारमा गयथू. मनी पोर आज संध्याकाळले येनार शे. लगीननंतरनी पहिली आखाजी शे तिनी. तिले उतरताच कोनी सांगं, तुना बाप कोठडीमा शे, तर ती सासरले काय तोंड दाखाडी?"

खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आणि पहिल्या आखाजीला आलेल्या लेकीनं बापाला गजाआड बघणं म्हणजे काय, ते आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

आमचे साहेब तरुण होते. म्हणाले, "जमादार, आत टाका म्हाताऱ्याला. संध्याकाळपर्यंत बोलेल."

मी म्हणालो, "साहेब, आधी घटनास्थळाचा पंचनामा, मग कोठडी."

"तुम्ही फार हट्टी आहात."

"हो साहेब."

साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. "संध्याकाळपर्यंत माल दाखवा. नाहीतर आबा आत."

आबाला सोबत घेऊन मी बांधकामावर गेलो. चोरीच्या जागेवर मी आधी वस्तू बघत नाही, समोरच्या घरचं कोण बाहेर येतं ते बघतो. समोर एका अक्काचं चहा-भज्यांचं दुकान होतं. मी बाकावर बसलो, भज्यांचा घाणा चांगला झालाय म्हणालो. ती कढईत बघतच बोलली.

"भाऊ, मना नाव कोठेच लिहू नका. भरदुपारना ट्रॅक्टर उना व्हता. चोर कसाना? निवांत बल्ल्या भऱ्यात, हौदवर हातपाय धुयात, पानी पिसन गयात. जाताना आबाना पत्रानं दारबी लाई गयात, कुत्रं शिराले नको म्हणीसन."

"कुणाची माणसं होती?"

"भजा थंडा व्हई ऱ्हायनात, खा."

मला खायचं ते मी खाल्लं आणि समजायचं ते समजलो. दिवसाउजेडी येतो, हातपाय धुतो, दार लावून जातो, तो चोर नव्हे, ती कामावरचीच, म्हणजे ठेकेदाराची माणसं. पण साक्षीदार नाही तर साहेब ऐकणार नव्हते. मग ठेकेदाराचा जबाब घ्यायचं ठरवलं. ठाण्यात नाही, तिथंच.

शेजारून एक टेबल आणि खुर्च्या मागवल्या. ठेकेदाराची खुर्ची ठेवली स्लॅबच्या बरोबर मधोमध, खाली. माझी खुर्ची दाराच्या चौकटीच्या बाहेर. त्यात माझा काही वेडेपणा नव्हता.

ठेकेदार आला, नानाही आले. बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटत होतं.

"या, बसा सावलीत," मी म्हणालो. "जबाब लिहून घेऊ."

तो उंबऱ्याशी थांबला. "निंबाखाली बसू ना जमादार. आत उकडतंय."

"निंबाखाली लाल मुंग्या आहेत."

"मग उभ्यानंच सांगतो."

"उभ्यानं जबाब होत नाही."

"मला उन्हाची सवय आहे."

सफारीच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता, तरी हा उन्हातच उभा. आबा म्हणाला, "हत्ती नाचाडनारा खाले बसाले काबर घाबरी ऱ्हायना?" समोरून अक्का खो खो हसली.

नानांचा पारा चढला. त्यांना वाटलं, आपल्या घराची चेष्टा चालली आहे. "बाजूला व्हा सगळे! माझं घर आहे, मीच बसतो." आणि धोतराचा सोगा धरून ते तरातरा आत निघाले. मी खुर्चीतून उठून त्यांचा हात धरणार, तेवढ्यात ठेकेदार माझ्या आधी ओरडला.

"नाना, बाहेर या! आधी बाहेर या! तो अजून कच्चा आहे!"

नाना जागच्या जागी थिजले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. सगळे वर बघू लागलो. स्लॅबच्या पोटाला केसाएवढा तडा गेलेला होता.

मग विचारायला काही उरलंच नाही. ठेकेदार तिथंच मातीत बसला आणि भडाभडा बोलला. नवे नियम लागायच्या आत उरकायची म्हणून त्यानं दोन घरं एकदम घेतली होती आणि बल्ल्या होत्या एकाच घरापुरत्या. दुसऱ्या गावचा स्लॅब टाकायला त्यानं इथल्या काढून नेल्या. बल्ल्या नाहीत हे नानांना कळलं तेव्हा त्याच्या तोंडातून 'चोरी झाली' असं निघून गेलं, आणि नानांनी त्याला थेट ठाण्यात ओढत आणलं. मी म्हणालो, "माणूस पडला असता तर?" तो म्हणाला, "म्हणून तर ओरडलो, जमादार." तेवढं त्याच्या बाजूनं मी जबाबात लिहिलं.

दुसऱ्या गावी बल्ल्या मिळाल्या, पंचांसमोर ओळखल्या. साहेबांनी खोट्या फिर्यादीबद्दल ठेकेदाराला असं झापलं की बाहेरचे शिपाई ताठ उभे राहिले. पुढं पालिकेच्या इंजिनिअरनं नानांचा स्लॅब पाडायला लावला आणि ठेकेदाराच्याच खर्चानं नव्या नियमानं घर झालं. त्यानंतर नाना गावात कुठंही बांधकाम दिसलं की आत शिरून खांबाच्या रिंगा मोजायचे. मिस्तरी लोक त्यांना लांबून बघूनच काम थांबवायचे.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. लेकीची बस यायची वेळ झाली होती आणि आबा कागदांवर अंगठा द्यायला अजून ठाण्यातच होता. मी त्याला जीपमध्ये घातलं आणि स्टँडवर नेलं. पोर उतरली, बापाच्या शेजारी खाकी बघितली आणि पांढरी पडली.

"आबा, हाऊ पोलीस काबर उना?"

आबानं पागोटं सारखं केलं. "तुले लेवाले. तुना बापनी वट शे गावमा."

लेक हसली, मागून उतरलेला जावई माझ्या पाया पडला, आणि मी त्यांचं गाठोडं उचलून जीपमध्ये ठेवलं. घरबांधणीचे नियम मला तेव्हाही नीट कळले नव्हते, आजही कळत नाहीत. एक मात्र त्या दिवसापासून धरलं आणि नोकरी संपेपर्यंत सोडलं नाही. माणूस आत टाकायची कितीही घाई असो, आधी जागेवर जायचं. साहेब लोक मला हट्टी म्हणायचे. म्हणोत. स्टँडवरून जीप निघाली तेव्हा ती पोर सगळ्या गावाला दिसेल अशी पुढच्या सीटवर बसली होती, आणि मी मागं, गाठोड्याशेजारी.