म्युरिएल प्रॉसरचे कान

म्युरिएल प्रॉसर बावीस वर्षं ऐकण्याचा पगार घेत होती, पण एकही गाणं तिने गाणं म्हणून ऐकलं नव्हतं. लंडनच्या पश्चिमेला, रेकॉर्डच्या कारखान्यात, काचेच्या इवल्याशा खोलीत बसून दर शंभरातली एक तबकडी ऐकायची आणि खोट शोधायची, हे तिचं काम. खोट सापडली की तबकडीवर पिवळ्या खडूने फुली, आणि तबकड्या छापणारं यंत्र बंद. जिने फुली मारली तिनेच ती पुसायची. मॅनेजरसुद्धा हात लावत नसे. अशा सहा बायका होत्या. जिचे कान गेले तिची रवानगी पाकिटं भरायच्या खात्यात होई. म्युरिएलला पंचावन्नावं लागलं होतं, आणि तिचा नवरा लेन हल्ली रोज म्हणे, "केवढ्याने बोलतेस! कान गेलेली माणसंच असं ओरडतात."

त्र्याहत्तर सालच्या मार्चमध्ये चार झिपऱ्या पोरांचा नवा अल्बम छापायला आला. शुक्रवारी तो देशभर दुकानांत हवा होता. मंगळवारी सकाळी, दुसऱ्या बाजूच्या संथ गाण्यात म्युरिएलला बारीकशी कुईं ऐकू आली. तिने पुन्हा लावलं. कुईं. दुसऱ्या यंत्राची तबकडी मागवली, तिच्यातही तिथेच. तिने फुली मारली आणि तिन्ही यंत्रं थांबवायला लावली.

फोरमन टकवेल लालबुंद होऊन आला. त्याने ऐकलं, बाकीच्या पाचजणींना ऐकवलं. कुणालाच काही ऐकू येईना. जुनी मैत्रीण बेरिल नजर चुकवत म्हणाली, "नाही गं म्युरिएल, खरंच नाही."

"तुमच्या कानातच वाजत असणार, बाई," टकवेल म्हणाला. "पुसा ती फुली."

"नाही पुसणार. ज्यांनी गाणं रेकॉर्ड केलं त्यांना फोन करून विचारा."

बोलली ठसक्यात, पण मनात लेनचे शब्द घोळत होते. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या बाईकडे मिरवण्यासारखे हे दोन कानच होते. तेच गेले असले तर? चहाची घंटा झाली, तरी ती जागची हलली नाही.

टकवेल परतला तो डोकं खाजवत. "ड्रमवाल्याच्या पायाखालच्या पेडलला तेल नव्हतं म्हणे, तीच कुईं. वाजवलं इतकं झकास, की त्यांनी तसंच ठेवलं. म्हणाले, हे आमच्याशिवाय कुणाला ऐकू येणं शक्य नाही. ही बाई कोण?"

म्युरिएल मटकन खाली बसली आणि सगळ्यांदेखत रडली. मग डोळे पुसलेल्या त्याच रुमालाने तिने फुली पुसली. केवढं हायसं वाटलं तिला! टकवेलने स्वतः तिच्यासाठी चहा आणला, दोन चमचे साखर घालून.

ती तबकडी त्याने तिलाच देऊन टाकली. संध्याकाळी घरी तिने ती लावली आणि खोट न शोधता दोन्ही बाजू ऐकल्या. गाणी बरी होती की!

"आली का ऐकू कुईं?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

लेन वर्तमानपत्रातून डोकं काढून बघत राहिला. "ऑं?"

"कुईं! ऐकू आली का?"

"काय म्हणालीस?"

म्युरिएल त्याच्याकडे बघतच राहिली. मग हसत हसत उठून त्याच्या कानाशी गेली आणि नेहमीसारखी ओरडली.