घरमालकासाठी कोंबडा

आमच्या गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली आमची धानाची शेती, आणि मी गोंदियात एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घरामागे खोली घेऊन राहत होतो. सोबतीला सालेकशाकडचा एक मुलगा होता. घरमालकांनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघांना समोर उभं करून बजावलं होतं, "देखो भाई, प्याज-लहसुन आँगन के उस पार. और अंडा-मछली का तो नाम भी नहीं."

दिवाळीची सुटी संपवून मी निघालो, तेव्हा आईने पाय बांधलेला एक तांबडा कोंबडा माझ्या हातात दिला.

"हा कायले?"

"तुह्या मालकाले. परक्याच्या पोराले घरात ठेवलं त्यानं, अन् तू खाली हातानं जाऊन राहिला का?"

"अवं, ते लोक खात नाही."

"सोता नाही खात, त पाहुण्यायले खाऊ घालतील."

कोंबडा न खाणारा माणूस म्हणजे आजारी माणूस, आज ना उद्या बरा होणारा, अशी आईची ठाम समजूत होती. वाद घालून उपयोग नव्हता. तिरोड्याला गाडीत चढलो तेव्हा पिशवीत खाली पुस्तकं होती आणि वर कोंबडा.

खोलीवर पोचलो. सोबत्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि मला कडकडून मिठी मारली. एवढं प्रेम त्याने माझ्यावर आधी कधी केलं नव्हतं.

"रविवारी तळ्याकाठी चूल मांडू," तो म्हणाला. "तोवर लपव याला."

आम्ही त्याला खाटेखाली टोपलीत झाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो जो आरवला, की मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. बाहेर घरमालकांची म्हातारी आई तुळशीला पाणी घालत होती. सगळे तिला माँजी म्हणत.

"कौन बोला?" माँजींनी विचारलं.

"मैं, माँजी," सोबती आतून ओरडला. "गाना सीख रहा हूँ!"

पुढच्या पहाटेही तेच. तिसऱ्या पहाटे माँजी दारापर्यंत आल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, "बेटा, बुरा मत मानना. गला तुम्हारा अच्छा है. पर अब दूसरा कुछ भी सीख लो."

त्याच दुपारी आम्ही कॉलेजातून परतलो, तर कोंबडा टोपली उलथून अंगणात आलेला. उन्हात वाळत घातलेल्या तांदळावर उभा राहून तो निवांत जेवत होता, आणि समोर घरमालक कमरेवर हात ठेवून उभे.

"हा माझा नाही," सोबत्याने न विचारताच सांगितलं.

खोली गेली, असंच वाटलं. दुसरं काही सुचेना, म्हणून खरं तेच बोललो. "आईनं पाठवला, सेठजी. तुमच्यासाठी."

"मेरे लिए?"

ते कोंबड्याकडे बघत राहिले. रागवावं तर ही भेट, घ्यावी तर हा कोंबडा. शेवटी ते माँजींकडे वळले. माँजी म्हणाल्या, "किसी की माँ ने भेजा है. लौटाएँगे कैसे?" मग माझ्या सोबत्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "और इसे कोई हाथ नहीं लगाएगा."

रविवारी आम्ही वरण-भात खाल्ला. सोबती दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

कोंबडा मात्र व्यापाऱ्याच्या घरच्या तांदळावर असा माजला की अंगणातून जाणंयेणं मुश्कील झालं. माँजींच्या मागे तो वासरासारखा फिरे. सोबती दिसला की पोटरीवर धावून जाई. बिचारा मागच्या गल्लीतून कॉलेजला जाऊ लागला.

संक्रांतीला मी गावी निघालो, तर घरमालकांनी परतभेट म्हणून भाजीत शिजवायच्या, वाळवलेल्या मुगाच्या वड्या डबाभर दिल्या. माँजींनी सोवळ्यात, स्वतःच्या हाताने घातलेल्या. आईने एक वडी बोटात धरून फिरवून पाहिली, हुंगली, आणि सरळ सुक्या मासोळ्यांच्या रश्श्यात सोडल्या. सगळ्या.

"मस्त लागून राहिल्या," ती बोटं चाटत म्हणाली. "सांग त्यायले."

गोंदियाला परतल्यावर माँजींनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"बहुत पसंद आईं," मी म्हणालो.

माँजी खुलल्या. "किसमें बनाईं उन्होंने?"

माझ्यामागे सोबत्याला जोराचा खोकला लागला.

"रस्से में," मी म्हणालो.