कोपऱ्यातली बांगडी

पंपाची बॉडी धुळ्याला व्हायची, झाकण आमच्याकडे जळगावला. धुळ्याची फाइल आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भलत्याच मापाची उघडायची. अंदाजाने केलेली झाकणं भंगारात जायची. शेवटी वैतागून मी लॅपटॉपसकट धुळे गाठलं.

तिथल्या डिझायनर बाईंनी हातातली बांगडी काढली, मोजली आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तेवढंच वर्तुळ काढलं.

“हाई मनी बांगडी शे, भाऊ. हाई बरोबर, तं बठ्ठं बरोबर.” बांगडी खऱ्या मापाची दिसली, की सगळंच ड्रॉइंग बरोबर, असं त्यांचं अहिराणीतलं गणित.

माझ्या लॅपटॉपवर ती बांगडी बैलगाडीच्या चाकाएवढी निघाली! मिलिमीटरचे इंच झाले होते. एकक बदललं, तशी बांगडी पुन्हा हातात जाईल एवढी झाली.

जळगावात नवं झाकण टक्कन बसलं, तेव्हा अख्खं वर्कशॉप ओरडलं.

आता आमच्याही प्रत्येक ड्रॉइंगवर ती बांगडी असते. पंप घेणारे पुण्याचे लोक विचारतात, “कोपऱ्यात हे वर्तुळ कसलं?” बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून मी ऐटीत एवढंच सांगतो, “धुळ्याची बांगडी आहे. आधी ती मोजा!”