जोडीशिवाय काम नाही

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं कमी आणि युनियनची पत्रकं जास्त. बाबा रेल्वेत फिटर. भुसावळहून जयपूरला बदली झाली तेव्हा आईची अर्धी भांडी मागे राहिली, पण बाबांची पत्रकांची ट्रंक आली. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे विसाव्या वर्षी माझी पक्की समजूत होती की जगातला कुठलाही अन्याय पाठपोट एका कागदावर मावतो.

क्वार्टरमागे जगतपुऱ्याकडे जाणारे रूळ होते आणि रुळांपलीकडे कच्ची वस्ती. तिथून एक बाई गोवऱ्या विकायला यायची, तिला मी जीजी म्हणायचे, म्हणजे ताई. नवरा गेलेला, दोन लहान मुली. शेजारच्याच झोपडीत तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, राहायचा. त्याचीही बायको वारलेली. त्याच्यासमोर जीजी तोंड झाकायची, अक्षर बोलायची नाही, पाण्याचा लोटासुद्धा हातात न देता जमिनीवर ठेवायची.

"ही गुलामी आहे, जीजी," मी म्हणायचे.

"हाँ लाडो, है तो," ती म्हणायची आणि लांबून त्याचं पागोटं दिसलं की घुंघट हनुवटीपर्यंत ओढायची.

त्या वर्षी दिल्लीच्या पैशातून वस्तीसाठी एकेक खोलीची पक्की घरं बांधायला घेतली. जीजीला त्या कामावर लागायचं होतं. रोजीसाठी तर होतंच, पण एक दिवस आईजवळ बसून ती म्हणाली, "भाभीजी, घर मेरा बनेगा और ईंट कोई और ढोए? छोरियों को क्या बताऊँगी?"

तिला बांधकामाच्या फाटकावरूनच परत पाठवलं. ठेकेदाराचा मुनशी मजूर जोडीनं घ्यायचा, एक पुरुष आणि एक बाई. पुरुष सिमेंट-वाळूचा मसाला कालवतो, तगारी म्हणजे घमेलं भरतो आणि बाईच्या डोक्यावर चढवून देतो, बाई वाहते. एकट्या बाईला काम नाही. बहुतेक जोड्या त्यानं ट्रकमधून दूर दक्षिणेतल्या बांसवाड्याकडून आणल्या होत्या.

बाबांच्या ओळखीच्या एका कारकुनानं मला कामाच्या अटी दाखवल्या. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मजूर घेताना आधी त्याच वस्तीतले गरीब रहिवासी घ्यावेत. मग काय! मी दुपारभर बसून हिंदीत पत्रक लिहिलं. 'बाहर के मज़दूर वापस जाओ, बस्ती का काम बस्ती को दो.' युनियनच्या खोलीत सायक्लोस्टाइल केलं, हात शाईनं काळे झाले. वस्तीतल्या पुरुषांनी ते वाचलं, फाटक अडवलं. इंजिनिअर जीप घेऊन आला आणि अट वाचून त्यानं हुकूम दिला: ज्याच्याकडे वस्तीचं रेशनकार्ड, त्यालाच काम. बांसवाड्याची माणसं त्याच दिवशी ट्रकमध्ये बसून गेली.

मी जीजीकडे धावत गेले. ती दारात बसून मुलीच्या डोक्यातल्या उवा काढत होती.

"आता तुला काम मिळणार!" मी म्हटलं.

"काम तो मिल गया था," ती म्हणाली. "आठ दिन किया."

बांसवाड्याच्या एका बाईचा नवरा तापानं गावी परतला होता, म्हणून तिचीही जोडी मोडली होती. तिनं आणि जीजीनं मिळून जोडी केली. मुनशी आधी हसला, पण काम चोख झाल्यावर दोघींची हजेरी मांडू लागला. आता ती बाई ट्रकमधून गेली होती आणि जीजी पुन्हा एकटी.

मी जीजीला विचारलंच नव्हतं. परीक्षा होती, आठ दिवस मी रूळ ओलांडले नव्हते. पत्रक मात्र तिच्याच नावानं पेटून लिहिलं होतं.

मला रडू आलं. ती उठली, माझे शाईचे हात पाहिले आणि राखेनं घासायला बसली. "रो मत. तूने तो भला ही सोचा," ती म्हणाली. "वो भी गरीब थी, बस." ते 'बस' मला आजही कुठल्याच पत्रकात बसवता आलेलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी तिला घेऊन फाटकावर गेले. अटीत रहिवासी म्हटलंय, जोडी कुठे म्हटलंय, असं मुनशीला ठणकावलं.

"रख लूँगा, नेताजी," तो म्हणाला. "पर तगारी कौन चढ़ाएगा इसके सिर पर? आप?"

"इसका जेठ खड़ा है पीछे," रांगेतून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

जेठ खरंच मागे उभा होता. तोही एकटा, म्हणून तोही कामाविना. मान खाली घालून तो मुनशीला म्हणाला, "बहू से पूछ लो, करेगी क्या."

"तू ही पूछ ले!"

तो विचारू शकत नव्हता आणि ती उत्तर देऊ शकत नव्हती. घुंघटातून जीजी माझ्या कानाशी पुटपुटली. मी मोठ्यांदा म्हटलं, "करेगी!"

मुनशीनं दोघांची कार्डं पाहिली आणि तमाशा बघायला तिथेच थांबला. जेठ तिच्या डोक्यावर तगारी चढवणार कसा? जवळ जाणं म्हणजेच मर्यादा मोडणं. तो तसा गेलाच नाही. त्यानं विटा उचलल्या आणि स्वतःच्या खांद्याइतका उंच ओटा रचला. तगारी भरून त्यावर ठेवली, फावड्यानं तिच्या काठावर दोनदा ठोकलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. जीजी पुढे आली, तगारी सरकवून डोक्यावर घेतली आणि चालू लागली. तिची पावलं लांब गेल्यावर तो वळला आणि दुसरी भरू लागला. मुनशीचं हसू हळूहळू विरलं.

माझ्या मनात घुंघटाविरुद्ध आख्खं भाषण तयार होतं. ते मी केलं नाही.

जीजी बुटकी. दुपारपर्यंत मी पाहत होते, तगारी घेताना ती टाचा उचलायची. जेठानं तिच्याकडे एकदाही पाहिलेलं मला दिसलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा ओट्याचा वरचा थर काढलेला होता.