रेषेबाहेरचा ठिपका

सुरुवातीलाच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मित्रांत सांगून सांगून हे किस्से इतके गुळगुळीत झालेत, की मूळचं किती आणि माझी भर किती, ते मलाच सांगता येत नाही. गिरणीत मशिनांखाली कापसाची भुकटी कुणी मुद्दाम साठवत नाही, आपोआप साचते. तसंच हे.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. आणि वर आणखी एक पदवी घेऊन मी सोलापूरच्या एका सूतगिरणीत लागलो. काम असं: दर पाळीला सुताच्या सारख्या लांबीच्या लडी काढायच्या, त्यांचं वजन करायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा. मधे सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक. ठिपका आत पडला तर निळा, बाहेर गेला तर लाल. लाल दिसला की आधी मशीन बंद, मग चौकशी.

मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "दिवाळीपर्यंत बघू. उपयोग दिसला तर तुम्हाला पक्कं करू. नाहीतर तुम्ही आणि तुमचा तक्ता, दोघंही घरी."

माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासऱ्यांना मी नोकरी पक्की असल्याचं सांगून बसलो होतो.

* * *

खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, होता मल्लप्पा. तक्ता लावला त्या दिवशी तो बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला.

"सायेब, मदली रेघ चांगल्या सुताची न्हवं?"

"हो."

"मंग समद्यांनी तिच्यावरच ऱ्हायचं की. वर-खाली आनकी दोन काढून लोकांना कशाला नादी लावता?"

मी त्याला पुष्कळ समजावलं. त्याचं मत बदललं नाही. माझं थोडं डळमळलं.

* * *

पुढच्या आठवड्यात सगळे ठिपके मधल्या रेघेवर. एकही इकडेतिकडे नाही. असं सूत पृथ्वीवर निघत नाही, एवढं मला नक्की ठाऊक होतं. लडी तोलणारा रामुलू, विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. त्याला बाजूला घेतलं.

"खरी वजनं कुठं आहेत?"

"खरी लई वाकडी येत हुती, सायेब. तुमाला पक्कं व्हायचं हाय न्हवं?"

मी तो तक्ता काढून नवा लावला. त्यावर ठिपके खरे पडले आणि वर-खाली नाचू लागले. मॅनेजरसाहेब बघून म्हणाले, "पहिला चांगला होता. सरळ होता. हे काय करून ठेवलंत?"

* * *

एप्रिलमधे हवा अशी कोरडी झाली की सूत हलकं पडलं आणि ठिपका खालच्या रेघेबाहेर गेला. मल्लप्पा म्हणाला, "तुमी काळजी सोडा. बगतो मी."

दुपारी ठिपका वरच्या रेघेबाहेर! जाऊन बघतो तर लडी निथळत होत्या.

"पानी मारलं की," मल्लप्पा म्हणाला. "जास्त झालं व्हय? ऱ्हाऊ द्या, उनात टाकतो."

* * *

माझं बघून कामगारांनी कँटीनमधे आमटीचा तक्ता लावला. वाटीच्या तळाशी डाळ किती, ते डोळ्यांनी बघायचं आणि ठिपका द्यायचा. ठिपका रोज खालच्या रेघेखाली. कँटीनचे गफूरभाई तक्रार घेऊन माझ्याकडे आले.

"साब, आमटी हमारी बराबरच है. वो नीचे की लाइन जरा और नीचे खींच देव ना."

तीच विनंती त्या महिन्यात मॅनेजरसाहेबांनीही केली. सुताबद्दल.

* * *

खंडेनवमीला गिरणीत मशिनांची पूजा. मी मोडनिंबला, सासुरवाडीला गेलो होतो. मल्लप्पाला वाटलं, सायबाचं हत्यार म्हणजे तक्ता, त्याला तसंच कसं ठेवायचं? त्यानं तक्त्याला झेंडूचा हार घातला आणि कुंकवाचं बोट लावलं. वरच्या रेघेच्याही बरंच वर.

दसऱ्यानंतर मी कामावर आलो तेव्हा हार उतरवलेला होता. मॅनेजरसाहेब मालकांच्या जावयांना खातं दाखवत होते. माझं काय करायचं, ते हेच जावई ठरवणार होते. साहेब तक्त्यापाशी थबकले.

"लाल," ते मोठ्या रुबाबात म्हणाले. "हीच तर गंमत आहे या पद्धतीची. मशीन बंद करा. खोला."

मी घाईनं पुढे होऊन ठिपक्याला बोट लावलं. बोट लाल झालं. मल्लप्पा कानाशी पुटपुटला, "बोट पुसा, सायेब. पावनं बगत्यात."

साहेब पाहुण्यांना चहाला घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. सगळे परत आलो तर मल्लप्पाच्या हातात एक दातेरी चाक, दोन दात तुटलेलं.

"ह्यो बगा. आनकी चाललं असतं तर मशीनच बसलं असतं."

जावई तक्त्याकडे बघतच राहिले. दिवाळीआधी मी पक्का झालो.

* * *

कुंकवाच्या बोटानं खरा बिघाड सापडला, हा योगायोग मला आयुष्यभर पटला नाही. निवृत्तीनंतर शुक्रवार पेठेत मल्लप्पाचं घर शोधून काढलं आणि विचारलं, ते चाक खरंच तुटलेलं होतं का?

"व्हय की. तुटल्यालंच हुतं," म्हातारा म्हणाला. "पर त्या मशिनचं न्हवतं. भंगारातलं."

एका निरीक्षणावर मी कधीच विसंबलो नाही. तसाच नवी पेठेत गेलो. रामुलू तिथं मुलाच्या टॉवेलच्या दुकानात बसायचा. मल्लप्पा काय म्हणाला, ते त्याला न सांगता तोच प्रश्न विचारला.

"भंगारातलं, सायेब. मीच आनलं," रामुलू म्हणाला. "पयलं उचललं त्याचे समदे दात शाबूत निगाले. परत जाऊन दुसरं आनावं लागलं."